बाहेरचा बाजार आणि आमचें लोकमत

सीतादही होऊन पहिली वेचणी घरीं आली, कीं आमच्या वर्धा जिल्ह्यांतील कास्तकाराचे डोळे हिंगणघाट, पुलगांव, आर्वी, देवळी येथील बाजारांकडे लागतात. गाडी भरून तो बाजारांत जातो, लिलाव पुकारला जातो, आणि अपेक्षेपेक्षां दोन-तीनशें रुपयांनीं भाव कमी निघाला म्हणजे तो व्यापाऱ्यास कारण विचारतो. उत्तर ठरलेलें असतें : “बाहेरचा बाजार पडला.” ह्या तीन शब्दांनीं त्याचें समाधान होतें असें नाहीं, परंतु ह्यापुढें काय विचारावें हेंच ठाऊक नसल्यामुळें तो गप्प बसतो, हिशेबाची पट्टी खिशांत घालतो आणि रिकामी गाडी घेऊन घरीं परततो.

हा बाहेरचा बाजार कोठें भरतो, त्यांत कोणाचा पैसा खेळतो, आणि त्याविषयीं आमचें जें कांहीं मत आहे तें कोणीं बनविलें, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. जगाचा पैसा आणि लोकांचें मत ह्यांचा संबंध हा विद्वानांच्या अभ्यासाचा विषय खरा. परंतु तो अभ्यास आमच्याच जिल्ह्यांत, वर्ध्याच्या मगनवाडींत बसून, एका गृहस्थानें पंधरा वर्षांहून अधिक काळ चालविला होता. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा हें त्यांचें नांव. ग्रामोद्योगाचे पुरस्कर्ते म्हणून ते पुष्कळांस ठाऊक आहेत. देशाच्या कर्जाचा हिशेब तपासणारे अभ्यासक म्हणून मात्र त्यांची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. शेतकऱ्यास ही दुसरी ओळखच अधिक उपयोगाची आहे, असें आमचें मत आहे.

कापूस आणि तार

प्रथम हा बाहेरचा बाजार आमच्या दारीं कसा आला तें पाहूं. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. त्या वेळीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलेलें होतें. १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललेल्या त्या युद्धामुळें अमेरिकेचा कापूस इंग्लंडास पोहोंचणें जवळ जवळ बंद झालें, लँकेशायरच्या गिरण्या बसल्या आणि लिव्हरपूलच्या दलालांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. आमचा लांब धाग्याचा बनी कापूस त्या दूरच्या बाजारांत ‘हिंगणघाट’ ह्याच नांवानें ओळखला जाई. भाव कित्येक पटींनीं चढले. तिकडे मुंबईंत कापसाच्या पैशावर नव्या नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे भाग चढ्या किंमतीनें विकले गेले. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि त्याबरोबर त्या कंपन्याही कोसळल्या. खुद्द बँक ऑफ बॉम्बेचा कारभार १८६८ सालीं गुंडाळावा लागला.

ह्यानंतर बाहेरचा बाजार दूर गेला नाहीं. उलट अधिक जवळ आला. १८६७ सालीं आगगाडी वर्धा जिल्ह्यांतून पुढें नागपुरास पोहोंचली. १८७० सालीं समुद्राखालून टाकलेली तार मुंबईस येऊन भिडली. पूर्वीं लिव्हरपूलच्या भावाची बातमी जहाजानें यावयास आठवडे लागत. आतां ती पाहतां पाहतां येऊं लागली. परंतु ती कोणाकडे येऊं लागली? ज्याच्या हातीं तार होती त्याच्याकडे. कास्तकारापर्यंत बातमी पोहोंचली ती केवळ निकालाच्या रूपानें. त्या निकालाचीं कारणें वाटेंतच राहिलीं. आज प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे आणि न्यूयॉर्कचा भाव त्यावर क्षणोक्षणीं दिसतो. तरीही निकाल कळतो, कारण कळत नाहीं, ही स्थिति फारशी पालटलेली नाहीं.

एका हिशेबतपासनिसाचा प्रश्न

कुमारप्पा ह्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजीं तंजावर येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. लंडन येथें हिशेबतपासणीचें शिक्षण घेऊन त्यांनीं मुंबईंत तो व्यवसाय केला. पुढें ते अमेरिकेंत गेले, १९२८ सालीं सिराक्यूज विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्रोफेसर सेलिग्मन ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं राजस्वशास्त्राचा, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाच्या शास्त्राचा, अभ्यास केला. त्या विद्यापीठांत अर्थशास्त्राचें अध्यापन राज्यशास्त्राच्याच विद्याशाखेंत होत असे; त्यामुळें पैसा आणि सत्ता हे दोन निरनिराळे विषय आहेत असा समज तेथील विद्यार्थ्याचा होत नसे. ह्याच गुरूंपाशीं कांहीं वर्षें आधीं डॉ. भीमराव आंबेडकर शिकून गेले होते, व हिंदुस्थानांतील प्रांतिक राजस्वावरील त्यांच्या ग्रंथास सेलिग्मन ह्यांनीं प्रस्तावना लिहिली होती, हें येथें सांगण्यासारखें आहे.

अमेरिकेंत असतां कुमारप्पा ह्यांनीं एका चर्चमध्यें ‘मग हिंदुस्थान दरिद्री कां?’ ह्या विषयावर व्याख्यान दिलें. त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रांत आला, तो सेलिग्मन ह्यांच्या वाचनांत आला, आणि ह्याच प्रश्नावर रीतसर संशोधन करावें असें त्यांनीं आपल्या शिष्यास सुचविलें. व्याख्यान देणें सोपें; आंकड्यांनीं सिद्ध करणें कठीण. कुमारप्पा ह्यांनीं कठीण मार्ग पत्करला आणि सरकारचेच हिशेब उघडून ते एखाद्या पेढीच्या वह्यांप्रमाणें तपासले.

त्या तपासणींत त्यांस काय दिसलें? कर कोणाकडून घेतला जातो हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो कोठें खर्च होतो हेंही महत्त्वाचें, असें त्यांनीं दाखविलें. सूर्य पृथ्वीचें पाणी शोषून घेतो तें पावसाच्या रूपानें परत देण्यासाठीं, अशी उपमा आमच्या जुन्या राजनीतींत करांस देत असत. येथें मात्र पाणी आमच्या शेतांतून शोषलें जाई आणि पाऊस दुसऱ्याच्या रानांत पडे. महसुलाचा मोठा भाग लष्कर, कारभार आणि कर्जावरील व्याज ह्यांत जाई. शेती, शिक्षण व आरोग्य ह्यांच्या वांट्यास उरलेंसुरलें येई. १९२९ च्या मे महिन्यांत ते साबरमतीस महात्मा गांधींस भेटले. त्यांचा हा निबंध ‘यंग इंडिया’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध झाला व १९३० सालीं पुस्तकरूपानें निघाला. एरवीं विद्यापीठाच्या कपाटांत पडून राहिला असता असा हिशेब अशा रीतीनें साप्ताहिकाच्या वाचकापुढें आला.

त्याच सुमारास गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन त्यांनीं खेडा जिल्ह्यांतील मातर तालुक्याची पाहणी केली. गांवोगांव फिरून, घरोघर बसून, उत्पन्न किती, खर्च किती, सारा किती, देणें किती, हें लिहून काढलें. वर सरकारचा जमाखर्च आणि खालीं शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च, असे दोन्ही हिशेब शेजारीं शेजारीं मांडले म्हणजेच सत्य दिसतें, ही त्यांची पद्धति होती.

कर्ज कोणाचें?

१९३१ सालीं ह्या पद्धतीची मोठी कसोटी लागली. हिंदुस्थानच्या नांवावर जें सरकारी कर्ज होतें, त्यांतील किती कर्ज खरोखर हिंदुस्थानचें, हा प्रश्न काँग्रेसनें अनेक वर्षें लावून धरला होता. १९२२ च्या गया येथील अधिवेशनांत त्या विषयीं ठराव झाला होता. १९२९ च्या लाहोर अधिवेशनांत, अशा देण्यांची स्वतंत्र न्यायमंडळाकडून चौकशी व्हावी, अशी मागणी झाली. १९३१ सालीं छाननीसाठीं समिति नेमण्यांत आली. बहादुरजी, भुलाभाई देसाई, के. टी. शहा आणि कुमारप्पा हे तिचे सभासद होते.

तपासणीचा विषय मोठा विलक्षण होता. ईस्ट इंडिया कंपनीनें केलेल्या लढायांचा खर्च, १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च, आणि कंपनीच्या भागीदारांस द्यावयाची रक्कमसुद्धां हिंदुस्थानच्या खात्यावर चढविण्यांत आली होती. १९१७ सालीं महायुद्धाकरितां हिंदुस्थानानें ब्रिटनला दहा कोटी पौंडांची ‘देणगी’ दिली, आणि त्या देणगीचा भार पुन्हां हिंदुस्थानच्याच कर्जांत मिळविला गेला. देणगी देणारास कोणी विचारलें होतें काय? सगळेंच कर्ज सरसकट बुडवावें असें मागणें नव्हतें. प्रत्येक बाबीची चौकशी व्हावी एवढेंच होतें. परंतु लंडनच्या सावकारी पेढ्यांस तेवढेंही असह्य झालें. कर्जाविषयीं नुसता प्रश्न विचारला म्हणजे पत जाते, असा त्यांचा धाक असे.

कुमारप्पा ह्यांच्या तपासणीचें सार तीन प्रश्नांत सांगतां येईल. कर्ज कोणाच्या संमतीनें काढलें? त्याचा पैसा कोणाच्या हिताकरितां खर्च झाला? आणि तें फेडणार कोण? हेच प्रश्न पुढें जगांतही अनेकांनीं विचारले. पॅरिसमध्यें अलेक्झांडर सॅक ह्या कायदेपंडितानें १९२७ सालींच, प्रजेच्या संमतीवांचून व प्रजेच्या हिताविरुद्ध काढलेलें कर्ज हें प्रजेवर बंधनकारक नव्हे, असें प्रतिपादन केलें होतें. दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशानें २००७ सालीं स्वतःच्या कर्जाची तपासणी करण्यासाठीं आयोग नेमला. तेव्हां आमच्या वर्ध्यास येऊन राहिलेल्या ह्या हिशेबतपासनिसाचे प्रश्न केवळ एका चळवळीपुरते नव्हते, हें उघड आहे.

रुपयाची किंमत व कापसाचा भाव

आतां शेतकऱ्याच्या गाडीशीं थेट भिडणारी गोष्ट सांगतों. १९२५-२६ सालीं हिल्टन यंग कमिशन बसलें. रुपयाची किंमत इंग्रजी नाण्यांत किती ठरवावी, हा त्यापुढील एक मुख्य प्रश्न होता. डॉ. आंबेडकर ह्यांनीं १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिलेला होता व त्यांनीं ह्या कमिशनपुढें साक्षही दिली. कमिशननें रुपयास १८ पेन्स हा दर सुचविला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास ह्यांनीं १६ पेन्सांचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली. १९२७ च्या कायद्यानें १८ पेन्स कायम झाले.

दोन पेन्सांचा हा वाद हिंगणघाटच्या कास्तकारास काय कळणार, असें कोणी म्हणेल. हिशेब करून पाहूं. एका पौंडाचे २४० पेन्स. रुपया १६ पेन्सांचा असेल, तर लिव्हरपुलांत एक पौंडास विकल्या गेलेल्या कापसाचे १५ रुपये होतात. रुपया १८ पेन्सांचा झाला, कीं त्याच कापसाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होतात. कापूस तोच, वजन तेंच, पौंडही तोच; परंतु जवळ जवळ पावणेदोन रुपये कागदावरच नाहींसे झाले. सारा मात्र रुपयांत ठरलेला, सावकाराचें व्याजही रुपयांत ठरलेलें. त्यांत पैचीही सूट नाहीं. पुढें १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत भाव कोसळले, तेव्हां हा भार किती जड झाला असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडानें आपलें चलन सोन्यापासून सोडविलें आणि रुपया पौंडासच बांधून ठेवला. त्यानंतर खेड्यापाड्यांतील बायकांच्या अंगावरचें सोनें मोडून परदेशीं गेलें.

ह्या वादाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रुपया महाग असला म्हणजे परदेशी माल स्वस्त होतो आणि मजुरीवर पोट असणारास स्वस्ताईचा लाभ होतो. हुंडणावळीच्या दरांत एकाचें नुकसान तो दुसऱ्याचा नफा असतो. म्हणूनच ‘देशाचें हित’ असा मोघम शब्द कोणी वापरला, तर कोणत्या वर्गाचें हित, असें विचारणें शेतकऱ्याचें कर्तव्य आहे. त्या काळीं १६ पेन्सांची बाजू घेऊन मुंबईचे व्यापारी व गिरणीवाले बोलत. ते शेतकऱ्याचें नांव पुढें करीत. १८ पेन्सांची बाजू घेऊन सरकार बोले. तेंही गरीब ग्राहकाचें नांव पुढें करी. शेतकऱ्याचें नांव दोन्हीकडे होतें. शेतकरी स्वतः मात्र कोठेंच नव्हता. लोकमत ह्या शब्दाचा असा उपयोग पुष्कळदां होतो.

आज पेन्सांच्या जागीं डॉलर आला आहे, परंतु गणित बदललेलें नाहीं. न्यूयॉर्कला रुईचा भाव एका पौंड वजनास इतके सेंट असा निघतो. समजा, तो ७० सेंट आहे. एका किलोंत सुमारें २.२ पौंड वजन. म्हणजे किलोस सुमारें १.५४ डॉलर. एक क्विंटल कापूस पिंजून सुमारें ३४ किलो रुई निघते असें धरलें, तर त्या रुईचे साडेबावन्न डॉलर झाले. आतां डॉलर ८० रुपयांचा ऐवजीं ८५ रुपयांचा असेल, तर एका क्विंटलमागें अडीचशें रुपयांहून अधिक फरक पडतो. बोंडांत कांहीं फरक नाहीं, कांट्यांत नाहीं, ओलाव्यांत नाहीं. ह्यांत सरकीची किंमत मिळवावी, पिंजाई, वाहतूक व व्यापाऱ्याचा नफा वजा करावा, म्हणजे गाडीवर किती भाव निघावा ह्याचा अंदाज प्रत्येकास घरीं बसून करतां येईल. तो अंदाज घेऊन बाजारांत जाणारा मनुष्य “बाहेरचा बाजार पडला” हें वाक्य ऐकून गप्प बसणार नाहीं. किती सेंटांनीं पडला, असें तो विचारील.

मगनवाडींतील वर्षें

१९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्धा येथें झाली आणि जमनालाल बजाज ह्यांनीं दिलेल्या मगनवाडींत कुमारप्पा ह्यांनीं त्याचें काम सुरू केलें. ‘ग्राम उद्योग पत्रिका’ ते तेथूनच काढीत. १९३८ च्या डिसेंबरांत उघडलेलें मगन संग्रहालय आजही तेथें पाहावयास मिळतें. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारनें नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते, आणि तेथेंही त्यांनीं मातरचीच रीत चालविली : आधीं खेडें पाहावें, मग मत द्यावें.

दुसऱ्या महायुद्धांत पैशाचा एक नवाच खेळ त्यांस दिसला. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानांत धान्य, कापड, लाकूड अशी अपार खरेदी करी. त्याची किंमत लंडनांत पौंडांच्या रूपानें जमा दाखविली जाई, आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथें रुपयांच्या नोटा काढी. म्हणजे माल रोख गेला, बदल्यांत मिळाली ती चिठ्ठी. १९३९ सालीं देशांत सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपतेवेळीं त्या १,१०० कोटींच्या वर गेल्या. माल कमी, नोटा पुष्कळ. महागाईनें गरिबांचें कंबरडें मोडलें. १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं, त्यास ह्या महागाईचाही हातभार लागला. तिकडे लंडनच्या खात्यांत हिंदुस्थानची सुमारें १,७०० कोटी रुपयांची बाकी जमली होती. कागदावर पाहिलें तर हिंदुस्थान सावकार होता आणि घरीं पाहिलें तर तो उपाशी होता.

कुमारप्पा ह्यांनीं ह्या चलनवाढीवर निर्भीडपणें लिहिलें. त्या काळांत त्यांस तुरुंगवास घडला. ‘इकॉनमी ऑफ पर्मनन्स’ हें त्यांचें प्रसिद्ध पुस्तक तुरुंगांतच लिहिलें गेलें. १९४७ सालीं त्यांनीं क्लाइव्हपासून कीन्सपर्यंतच्या देण्याघेण्याचा इतिहास एका लहानशा पुस्तकांत मांडला. क्लाइव्हच्या काळीं आमच्यावर कर्ज लादलें गेलें आणि कीन्सच्या काळीं आमचें येणें थकविण्याची भाषा निघाली. दोन्ही वेळां वही दुसऱ्याच्याच हातीं होती, हा त्याचा मथितार्थ.

त्यांचें सर्वच म्हणणें आम्हांस मान्य आहे असें मात्र नाहीं. गांवानें आधीं आपलें अन्न व वस्त्र पिकवावें आणि दूरच्या बाजारासाठीं पिकविणें शक्य तितकें कमी करावें, असें त्यांचें मत होतें. वर्धा जिल्ह्यांतील कोरडवाहू कास्तकार हा उपदेश ऐकून हंसेल. मुलाची फी, दवाखाना, बियाणें, डिझेल ह्या सर्वांस रोकड लागते, आणि काळ्या जमिनींत रोकड देणारें पीक म्हणजे कापूस. वेशीचा दरवाजा लावून घेतल्यानें बाहेरचा बाजार थांबत नाहीं. परंतु वैद्याचें पथ्य पटलें नाहीं म्हणून त्याची नाडीपरीक्षा खोटी ठरत नाहीं. कुमारप्पा ह्यांचा उपाय कोणी घ्यावा, कोणी सोडावा. त्यांची तपासणीची रीत मात्र कोणासही सोडतां येण्यासारखी नाहीं.

आमच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टी

ही जुनी कथा आतां कशाला, असें कोणास वाटेल. १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग ह्यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. कर्जास कंटाळून कास्तकारांनीं जीव दिले, म्हणून ती योजना आली. त्या काळांत वर्तमानपत्रांत मृत्यूंचे आंकडे रोज येत. परंतु कर्ज कोणत्या कामास घेतलें, त्या हंगामांत बाहेर रुईचा भाव काय होता, आणि घरचा जमाखर्च कोठें फाटला, हें लिहिणारे थोडे. लोकांस दया आली, लोकमत मात्र तयार झालें नाहीं. दयेनें एका वर्षाचें व्याज माफ होतें. पुढल्या वर्षीं कर्ज कां होतें, हा प्रश्न दया विचारीत नाहीं.

दुसरें उदाहरण अलीकडचें. कापसावरील आयात जकात सर्व मिळून ११ टक्के होती. १९ ऑगस्ट २०२५ पासून ती सप्टेंबरअखेरपर्यंत उठविण्यांत आली, आणि नंतर ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यांत आली. हा नेमका आमच्या वेचणीचा व विक्रीचा हंगाम. त्याच महिन्यांत अमेरिकेनें आमच्या मालावर ५० टक्के जकात बसविली होती, त्यामुळें कापडवाल्यांस स्वस्त रुई हवी होती. त्यांच्या संघांनीं आपलें म्हणणें आंकड्यांसह मांडलें. आमच्या बाजूनें संताप पुष्कळ व्यक्त झाला. आंकडे किती मांडले गेले? एक क्विंटल कापूस पिकविण्यास आमच्या गांवीं काय खर्च येतो, हें दहा कास्तकारांस विचारलें तर दहा उत्तरें मिळतात, आणि त्यांतलें एकही वहींत लिहिलेलें नसतें. ज्याच्यापाशीं वही नाहीं त्याचें मत कितीही खरें असलें तरी दरबारीं तें केवळ तक्रार म्हणून ऐकलें जातें.

आमचें कर्तव्य

शेवटीं एक पाहिलेली गोष्ट सांगतों. एका गांवच्या सोसायटीच्या वार्षिक सभेस आम्ही बसलों होतों. ताळेबंद ‘वाचला असें समजून’ मंजूर झाला. इतक्यांत मागील रांगेंतील एक वृद्ध कास्तकार उठले व म्हणाले, “माह्या नावावर यंदा कर्ज किती हाये, तेवढं सांगा.” उत्तर आलें, “नवं-जुनं झालं आहे काका, तुम्ही काळजी करू नका.” सभेंत थोडें हंसूं झालें. काका उभेच राहिले; पण पुढें काय विचारावें हें न सुचून खालीं बसले. चहा झाला, सभा संपली. आम्ही त्यांच्या शेजारीं बसलों होतों, आणि आम्हांसही तो आंकडा विचारण्याचें धैर्य झालें नाहीं, ह्याची लाज आजतागायत वाटते.

नवें-जुनें करणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जुनें कर्ज मार्चअखेर फेडल्याचें दाखवावयाचें आणि त्याच दिवसांत नवें उचलावयाचें. कागद स्वच्छ, बोजा तोच. मोठमोठ्या सरकारांचे खजिनेही हेंच करतात, जुन्या रोख्यांची मुदत भरली कीं नवे रोखे विकतात. तेव्हां देशाचें कर्ज आणि काकांचें कर्ज ह्यांत जात एकच, फरक शून्यांचा. आणि म्हणूनच ज्यास सोसायटीच्या सभेंत प्रश्न विचारतां येत नाहीं, त्यास सरकारच्या कर्जाविषयीं किंवा बाहेरच्या बाजाराविषयीं मत असणें कठीण आहे. लोकमताची शाळा गांवांतच भरली पाहिजे.

ह्यास्तव आमची सभासदांस तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली, ह्या हंगामापासून कापसाच्या एका एकराचा तरी जमाखर्च वहींत लिहावा : बियाणें, खत, फवारणी, डवरणी, वेचणी, भाडें, आणि घरच्या माणसांची मजुरीसुद्धां. दुसरी, कापूस विकावयास जातांना त्या दिवशींचा न्यूयॉर्कचा भाव, डॉलरचा दर आणि सरकीचा भाव हे तीन आंकडे वहीच्या त्याच पानावर टिपून ठेवावे. तिसरी, आपल्या सोसायटीच्या पुढील सभेच्या आठ दिवस आधीं ताळेबंदाची प्रत मागून घ्यावी आणि सभेंत ते तीन प्रश्न शांतपणें विचारावे : कर्ज कोणाच्या संमतीनें, कोणाच्या हिताकरितां, आणि फेडणार कोण?

हीं पानें जे आमच्याकडे पाठवितील त्यांचे हिशेब, नांवगांव न देतां, आम्ही ह्या मासिकांत छापूं. शंभर पानें जमलीं तर वर्धा जिल्ह्यांतील कापसाच्या खर्चाविषयीं बोलतांना आम्हांस दुसऱ्या कोणाच्या आंकड्यांवर अवलंबून राहावें लागणार नाहीं. कुमारप्पा ह्यांनीं मातरमध्यें तेंच केलें होतें. ते काका ज्या गांवचे, त्या गांवाहून पहिलें पान यावें अशी आमची इच्छा आहे, आणि तें आणावयास आम्ही स्वतः जाणार आहों.